पुढची आहे की

बाबा कधी लोकलसाठी धावले नाहीत. डोंबिवलीला ८:१२ डोळ्यांदेखत सुटायची, लोक जिन्यावरून उड्या मारत यायचे आणि बाबा कॉलरमधे रुमाल खोचत शांतपणे म्हणायचे, पुढची आहे की. आता अशा माणसाच्या आठवणीत मी मुंबई मॅरेथॉनची हाफ पळायला निघाले, म्हणजे २१.०९७ किलोमीटर, यात कायतरी गडबड आहे हे मलाही कळत होतं. आई तर सरळ म्हणाली, त्यांच्या नावाने कुठेतरी अन्नदान कर, पळतेस कसली.

पण ही मॅरेथॉन २००४ मधे सुरू झाली तेव्हापासून लोक नुसते पळत नाहीत, कुठल्या ना कुठल्या संस्थेसाठी पैसेपण गोळा करतात, आता युनायटेड वे मुंबई ही संस्था ते सगळं बघते. मी निवडली गरीब पेशंटच्या डायलिसिसचा खर्च उचलणारी संस्था. बाबांचं डायलिसिस तीन वर्षं चाललं, आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास.

पळायची प्रॅक्टिस सहा महिने केली, पैसे मागायची कोण करून घेणार? आमच्याकडे शेजारी विरजण मागायलाही बाबांना संकोच वाटायचा, त्यांची मुलगी आता फॅमिली ग्रुपवर लिंक टाकतेय. टाकली आणि फोन उलटा ठेवला. पहिला रिप्लाय मामाचा, टॅक्ससाठी ८०जीची पावती मिळेल ना? मग हळूहळू यायला लागले, २५१, ५०१, १००१, प्रत्येकाने वरचा रुपया आठवणीने लावलेला, लग्नाच्या पाकिटासारखा.

आणि एक फोन आला, आमच्या जुन्या चाळीतल्या दादाचा, आता नाशिकला असतो. म्हणाला, तुझ्या बाबांनी मला सायकल शिकवली, कॅरिअर धरून अख्खी गल्ली मागे धावायचे. मी म्हटलं, बाबा? धावायचे? तो म्हणाला, म्हणजे काय, तुलापण त्यांनीच शिकवली ना. खरंच की. पण मला ते धावताना आठवतच नाहीत, मी पुढे बघत होते ना.

तर रेस. पहाटेच्या लोकलमधे सगळे शॉर्ट्सवाले, केळी खाणारे, छातीला नंबर लावलेले. पाठीवर बाबांचं नाव लावायचं खूप मनात होतं पण ते लाजले असते, म्हणून त्यांचा रुमाल मनगटाला बांधला (टीशर्टला कॉलर कुठे). माहीमहून सुटलो, सी लिंकवर अंधार, वारा आणि हजारो बुटांचा एकसारखा आवाज, ते मात्र फार भारी होतं, एरवी तिथे पायी जाऊ कोण देतंय. हाजी अलीपर्यंत बरं चाललं होतं. मग पेडर रोडचा चढ. तिथे पाय म्हणाले, बास. रस्त्याच्या कडेला एक आजी गाऊनवर स्वेटर घालून उभी, हातात स्टीलचा डबा, त्यात संत्र्याच्या फोडी, बिया काढलेल्या! एवढ्या पहाटे उठून अनोळखी लोकांसाठी बिया काढत बसायचं म्हणजे कमाल आहे. मी दोन घेतल्या, ती म्हणाली अजून घे, कुठे पळून चाललीयेस.

तो चढ मी चालत गेले, खोटं कशाला बोला. मरीन ड्राइव्हला ऊन आलं होतं, कुणीतरी सारखं ओरडत होतं थोडंच राहिलं, आणि ते थोडं काही केल्या संपत नव्हतं. २ तास ५१ मिनिटं लागली. धापा टाकत गवतावर बसले आणि हिशोब लागला, बाबांचं एक सिटिंगसुद्धा यात झालं नसतं. तास-सव्वा तास उरलाच असता, आणि ते मला म्हणाले असते, तू जा, ऑफिसला उशीर होईल.

सीएसएमटीच्या सबवेच्या पायऱ्या मी कठडा धरून उलटी उतरले, मांड्या अशा लागल्या होत्या. प्लॅटफॉर्मवर पोचले तर कल्याण फास्ट समोरून सुटत होती, गळ्यात मेडल घातलेला एक मुलगा धावत जाऊन चढलापण. माझी तर धावायची सोयच नव्हती. बाकावर बसले, रुमाल सोडून घाम पुसला. पुढची अकरा मिनिटांनी होती.