खानापूर ते जोयडा : संथ सहलीचे नियोजन

बेळगावकरांची सुट्टी बहुधा चोर्ला किंवा अनमोड घाटाने थेट गोव्यात उतरते आणि वाटेतला खानापूर तालुका गाडीच्या काचेतूनच मागे पडतो. आईचे गुडघे आता लांबचा प्रवास सोसत नाहीत आणि पुण्याहून ताई व भावोजीही यायचे होते, म्हणून या वेळी आम्ही त्या वाटेवरच थांबायचे ठरवले : खानापूरच्या पश्चिमेकडील गावे आणि त्यांना लागून असलेला उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका, आणि मुक्काम हॉटेलात न करता गावातल्या घरांत, म्हणजे होमस्टेमध्ये.

पहिला निर्णय अंतराचा नव्हता, वेळेचा होता. बेळगाव ते खानापूर जेमतेम २६ किलोमीटर आहे; पण जांबोटीच्या पुढे किंवा रामनगरच्या पुढे वळणावळणाच्या जंगलातल्या रस्त्याला किलोमीटरचा हिशोब लागू पडत नाही. म्हणून एका दिवसात दोन-अडीच तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही आणि एका घरी किमान दोन रात्री राहायचे, असे आम्ही ठरवून टाकले. या नियमात बदामी बसेना. भावोजींना तिथले तिसरे लेणे आणि त्यातला इसवी सन ५७८चा शिलालेख पाहायची फार इच्छा होती आणि ती रास्तही होती. परंतु बदामीसाठी उलट्या दिशेला, पूर्वेकडे, एक अख्खा दिवस गाडीत घालवावा लागला असता आणि आईला दुसरा दिवस अंथरुणात काढावा लागला असता. बदामीची स्वतंत्र सहल करू, या बोलीवर त्यांनी ती सोडली.

पावसाळ्यात हा सारा भाग सर्वांत देखणा असतो, हे मला मान्य आहे. मात्र कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, ते वृद्ध माणसाला घेऊन त्या दिवसांत तिकडे जाणार नाहीत. आम्ही डिसेंबर निवडला. तोवर ऊसतोडणी जोरात असते आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. त्यांतल्या कित्येकांना मागे दिवा नसतो. तेव्हा संध्याकाळी दिवे लागायच्या आत मुक्कामी पोहोचायचे, हा आमचा दुसरा नियम झाला. डिसेंबरचीच आणखी एक अडचण म्हणजे बेळगावच्या सुवर्णविधानसौधात बहुधा याच सुमारास भरणारे कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन. त्या काळात बेळगाव शहरात खोल्या मिळणे कठीण होते, म्हणून ताई-भावोजींनी पहिली रात्र आमच्याच घरी काढली.

खरे काम होते ते फोनवर. संगणकावरचे फोटो पाहून घर कळत नाही. घर कळते ते घरच्यांशी बोलल्यावर. मी विचारलेले प्रश्न अगदी साधे होते. डांबरी रस्त्यापासून अंगणापर्यंत गाडी येते का? उंबऱ्याशी किती पायऱ्या आहेत? कमोड आहे का? वीज गेल्यावर इन्व्हर्टर किती वेळ चालतो? पर्यटन खात्याकडे नोंदणी झाली आहे का? दर माणशी आहे की खोलीचा, आणि त्यात जेवण धरले आहे का? एका ठिकाणी शेवटच्या प्रश्नाआधीच रात्री डीजे आणि शेकोटीची व्यवस्था असल्याचे मोठ्या उत्साहाने सांगितले गेले, तेव्हा आभार मानून मी फोन ठेवला. शेतातले घर आणि गोंगाटाचे रिसॉर्ट या दोहोंना होमस्टे हे एकच नाव चालते, ही गोष्ट मला मनापासून खटकते. याउलट जांबोटीकडच्या एका घरच्या बाईंनी उलट मलाच विचारले, “किती जण येतासा? जेवायला भात लागतोय की भाकरी?” मार्गशीर्षातले गुरुवार आई पाळते हे सांगताच त्या म्हणाल्या, “आमच्याकडं बी गुरुवारी मासे करत नाहीत, आईंना घेऊन या की.” ते घर मी तिथेच पक्के केले.

मुक्काम ठरल्यावर त्यांच्यामधला रस्ता आखायला फारसा वेळ लागला नाही. कणकुंबीला माउलीचे देऊळ आणि मलप्रभेचा उगम, मग खानापूरहून हलशी. हलशीसाठी मी मुद्दाम संपूर्ण सकाळ मोकळी ठेवली होती, कारण कदंबांच्या या जुन्या राजधानीतले भूवराह नरसिंह मंदिर घाईने पाहण्याचे नाही. समोरासमोर असलेल्या दोन गर्भगृहांमध्ये उभे राहिल्यावर दोन्हीकडे शांतपणे पाहता यायला हवे. जवळच नंदगड आहे, जिथे इंग्रजांविरुद्ध लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला २६ जानेवारी १८३१ रोजी फाशी दिले गेले. त्याची समाधी तिथेच आहे. तिथून लोंढा, रामनगर आणि गणेशगुडी. सुपा धरणामुळे काळी नदीकाठचे जुने सुपा गाव पाण्याखाली गेले आणि तिथल्या विस्थापितांपैकी अनेकांचे पुनर्वसन रामनगरला झाले, हे जोयड्याच्या मुक्कामी यजमानांकडून ऐकायचे म्हणूनच आम्ही तिथला मुक्काम धरणाजवळ न घेता शेतकरी घरात घेतला. भाचरांना राफ्टिंग हवे होते. ते धरणातून वीजनिर्मितीसाठी सोडलेल्या पाण्यावर अवलंबून असल्याने आदल्या दिवशी चौकशी करण्यावाचून दुसरा मार्ग नसतो.

गाडीची तयारी थोडक्यात उरकली : स्टेपनीची हवा, खानापुरात भरलेली टाकी, आईसाठी पाठीची उशी. रामनगरच्या पुढे मोबाइलची रेंज भरवशाची नाही. त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घेतला, सर्व यजमानांचे क्रमांक कागदावर लिहून काढले आणि यूपीआयवर विसंबून न राहता रोख रक्कम बरोबर घेतली. ही रोख शेवटी फार उपयोगी पडली, कारण जोयड्याच्या यजमानांनी स्वतः पिकवलेले कंद आणि मध विकायला ठेवले होते आणि ताईने पुण्याला न्यायला दोन्ही भरपूर घेतले.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक घरी पुन्हा एकदा फोन केला. जोयड्याच्या यजमानांनी त्यांच्या वाटेवर रस्त्याचे काम चालू असल्याचे सांगून दुपारी तीनच्या आत रामनगर सोडायला सांगितले. म्हणून त्या दिवशी नंदगडहून लवकर निघून लोंढ्यात जेवण आटोपले आणि उन्हे असतानाच त्यांच्या अंगणात गाडी लावली. तेव्हापासून कोणी या भागात होमस्टेविषयी विचारले, तर मी घराच्या नावाआधी हा आदल्या दिवशीचा फोन करायला सांगतो.