"ऑइल काळं झालंय, सर"

मी गाडी नेली होती एसीला वास मारत होता म्हणून. इंजिन ऑइलचा विषयही डोक्यात नव्हता. सहाच महिन्यांपूर्वी, पहिल्या वर्षाच्या सर्व्हिसिंगला ते बदललं होतं आणि त्यानंतर गाडी जेमतेम २१०० किलोमीटर चालली होती.

सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरनं बॉनेट उघडलं, डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) ओढली, टिश्यूवर पुसली आणि तो कागद माझ्या नाकासमोर धरला. "ऑइल काळं झालंय, सर. बदलावं लागेल."

काळं होणारच ना! ऑइलमध्ये मिसळलेली रसायनं काजळी धरून ठेवतात म्हणून ते काळं होतं, नुसत्या रंगावरून ते बाद झालं असं ठरत नाही. हे मी सांगितलं. तो म्हणाला, "पुण्यातली धूळ बघताय ना, सर." तोपर्यंत टॅबवर जॉबकार्ड तयार होतं: इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, इंजिन फ्लशिंग (म्हणजे इंजिन आतून धुणं). एसी सगळ्यात खाली.

"मॅन्युअलमध्ये दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं आहे."

"ते कंपनीचं, सर. आम्ही पाच हजार किंवा सहा महिने सांगतो."

म्हणजे तुम्ही कोण? बाहेर बोर्ड तर त्याच कंपनीचा लावलाय.

त्या ओळी काढा म्हटलं तर "सिस्टीममधून निघत नाहीत." मॅनेजरला बोलवा, तर मॅनेजर मीटिंगमध्ये. मग शेवटचं अस्त्र आलं, "वॉरंटीला प्रॉब्लेम येईल, सर." मी म्हटलं, तेवढं लेखी द्या. त्यावर जो गेला तो पाऊण तास आलाच नाही. सव्वाअकराला आत गेलेलो मी, मशीनची दोन गोडमिट्ट कॉफी पिऊन, शोरूममधल्या नव्या गाडीचं दार तीनदा उघडून बंद करून, पावणेदोनपर्यंत तिथेच. अखेर मॅनेजर आले आणि न निघणाऱ्या ओळी दहा सेकंदांत निघाल्या. त्याखाली शेरा आला, "ग्राहकाने नकार दिला", आणि त्याच्यासमोर माझी सही. जणू ऑपरेशनला नकार देऊन पेशंटला घरी नेत होतो.

तुमच्यावर ही वेळ आली तर "लेखी द्या" हे दोन शब्द पहिल्याच मिनिटाला वापरा. मी तासभर उशिरा वापरले.

घरी आलो तो मॅन्युअल उघडूनच बसलो. पुढच्या वेळी पान नंबरासकट तोंडावर मारायचं म्हणून. दहा हजार, एक वर्ष, बरोबर. पान उलटलं तर मागे दुसरा तक्ता, खडतर वापराचा. मला वाटायचं, ते लडाखला जाणाऱ्यांसाठी असतं. तर तिथे लिहिलेलं: वारंवार आठ किलोमीटरपेक्षा कमी अंतराच्या फेऱ्या, ३२ अंशांच्या वर गर्दीच्या रहदारीत चालवणं, इंजिन बराच वेळ नुसतं चालू ठेवणं. माझं घर सिंहगड रोडला, ऑफिस स्वारगेटला. सहा किलोमीटर, चाळीस मिनिटं. एप्रिल-मे तर विचारूच नका.

एवढ्याशा फेरीत ऑइल पुरेसं तापतच नाही, त्यात आलेली पाण्याची वाफ आणि पेट्रोल उडून जात नाही, ते तसंच साचत राहतं. शिवाय सिग्नलला इंजिन चालू आणि किलोमीटर शून्य. त्या तक्त्यात आकडा होता पाच हजार किंवा सहा महिने.

म्हणजे त्याचा आकडा बरोबर निघाला! याचाच जास्त राग आला. काळा टिश्यू दाखवण्याऐवजी "रोज किती चालवता?" एवढं विचारलं असतं तर मी मुकाट्यानं सही केली असती. माझा मेहुणा दर आठवड्याला कोल्हापूर-पुणे करतो, हायवेला, एका चालीत. त्याचं ऑइलही काळंच असतं, पण त्याला दहा हजारांचा तक्ता लागू. त्यालाही पाच हजारच सांगतात.

पुढच्याच आठवड्यात निमूटपणे गेलो आणि ऑइल-फिल्टर बदलून घेतलं. फ्लशिंग नाही, मॅन्युअलमध्ये त्याचं नावही नाही. आणि हो, बिलावरचे लिटर बघा. माझ्या गाडीत फिल्टरसकट साडेतीनच्या आसपास बसतं, लावले होते चार. ऑइलची ग्रेड, म्हणजे ते किती पातळ-घट्ट, तीही मॅन्युअलशी ताडून घ्या, ड्रममधून घालतात तेव्हा कळत नाही. बाहेर मेकॅनिककडे करणार असाल तर बिल जपून ठेवा, वॉरंटीत तेच कामी येतं. डिपस्टिक सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी बघायची. रंग नाही, पातळी.

निघताना त्यांनी काचेवर स्टिकर चिकटवला, पुढचं ऑइल अमुक किलोमीटरला. तारखेची जागा कोरी. माझ्यासारख्याला तर तारीखच आधी येणार. पार्किंगमध्येच पेन काढून मी ती भरली.