बेट स्टेशनखालच्या मेलेल्या माश्या मोजून निकाल लागत नाही

सापळ्यात फळमाशी अडकते. बेट स्टेशन म्हणजे झाडाला टांगलेलं, विष घातलेलं आमिष; त्यावर ती आमिष चाटते आणि उडून जाते. मरते भलत्याच झाडाखाली, आणि पडली की मुंग्या तिला ओढून नेतात. म्हणून नागपूरकडच्या संत्रा बागेत स्टेशन तपासताना मी दोन वेगळ्या गोष्टी बघतो: विषाचा जोर किती टिकतो ते पिंजऱ्यात, आणि फळ वाचतं का ते बागेत.

मिथाईल युजेनॉल या वासाच्या रसायनावर नर येतात. त्यासाठी प्लायवूडचा ठोकळा अल्कोहोल, मिथाईल युजेनॉल आणि मॅलॅथिऑन या कीटकनाशकाच्या ६:४:१ मिश्रणात ७२ तास भिजवायचा. मादीला अंडी पोसायला प्रथिनं लागतात, म्हणून तिच्यासाठी स्पंजावर प्रोटीन हायड्रोलायसेट (विघटन केलेली प्रथिनं) आणि कीटकनाशक. वर प्लास्टिकचं छप्पर हवंच, नाहीतर अंबिया बहाराची (हिवाळ्याअखेर फुलणारी) फळं झाडावर असतात त्या पावसाळ्यात विष धुऊन जातं. पाऊस उघडला की उलटी पंचाईत: स्पंज सुकून कडक होतो आणि माशी त्याला तोंड लावत नाही. थोडं ग्लिसरीन घातलं की ओल टिकते. स्टेशन सावलीच्या फांदीला, छातीच्या उंचीवर. तारेला ग्रीस, म्हणजे मुंग्या चढत नाहीत.

पिंजऱ्यासाठी माश्या बागेतूनच मिळतात. गळालेली, अळी लागलेली फळं वाळूवर ठेवायची, कोष चाळून घ्यायचे. माश्या निघाल्या की त्यांना साखर-पाणी द्यायचं आणि माद्या पक्व होऊ द्यायच्या. मग बागेत ठरावीक आठवडे टांगलेलं स्टेशन पिंजऱ्यात ठेवून २४ तासांनी मेलेल्या मोजायच्या. चाचणीच्या वेळीही साखर-पाणी आत राहू द्या. उपाशी माशी काहीही चाटते आणि निकाल फुगतो. शेजारी बिनविषाचं स्टेशन ठेवलेला पिंजरा लागतोच. विषाच्या पिंजऱ्यात ८२ टक्के आणि बिनविषाच्यात १० टक्के मेल्या, तर खरा परिणाम (८२−१०)÷(१००−१०), म्हणजे ८० टक्के. बिनविषाच्यातच २० टक्क्यांहून जास्त मेल्या तर ती चाचणी टाकून द्यायची. हातमोजे प्रत्येक पिंजऱ्याला वेगळे. मिथाईल युजेनॉल लागलेल्या मोज्याने बिनविषाचं स्टेशन हाताळलं की तेही आमिष होऊन बसतं. शर्टाला लागलं तर नर अंगावरच येऊन बसतात.

बागेत खरी गोची शेजारची असते. काटोल-नरखेडकडे बागेला बाग लागून. गाभण मादी बाहेरून येते, त्यामुळे छोट्या तुकड्यात चांगलं स्टेशनही नापास ठरतं. तुकडे मोठे घ्या, मधे अंतर सोडा आणि फळांचे नमुने मधल्या झाडांवरूनच काढा. माश्या किती आहेत ते बघायचे मिथाईल युजेनॉलचे सापळे स्टेशनच्या झाडावर नकोत. ४ सापळ्यांत ७ दिवसांत ८४ माश्या म्हणजे दर सापळ्याला रोज ३. हा आकडा मी अंदाजापुरता धरतो, कारण त्यात नरच असतात. नर घटले तरी फळं किडतच राहिलेली दिसतात.

शेवटी बोलतं ते फळ. रंग धरू लागलेली आणि गळालेली फळं वाळूच्या बरणीत, तोंडाला कापड बांधून दोनेक आठवडे ठेवायची आणि कोष मोजायचे. नुसती छिद्रं मोजली तर रसशोषक पतंगाचं नुकसान फळमाशीच्या खात्यावर पडतं. पतंगाचं छिद्र टाचणीएवढं असतं, आतला गर कोरडा पडतो, पण अळी सापडत नाही.