माझा अनुभव: जुनं इलेक्ट्रोमेकॅनिकल पिनबॉल घरी दुरुस्त करताना

पिनबॉल म्हणजे काचेखालच्या उतरत्या फळीवर फ्लिपर नावाच्या, बटणाने हलणाऱ्या दांड्यांनी चेंडू उडवत गुण मिळवायचा खेळ. 1977–78 च्या आधीच्या पिनबॉल यंत्रात सहसा एकही चिप नसते. गुण मोजणं, कितवा चेंडू चालू आहे ते लक्षात ठेवणं, खेळ संपवणं हे सगळं रिले (विजेने उघडझाप होणारे स्विच), कॅम फिरवणारी मोटर (तिलाच गुणांची मोटर म्हणतात), एकेक घर पुढे सरकणारी स्टेपर युनिटं आणि पातळ पात्यांचे शेकडो स्विच मिळून करतात. मी हाताळलेलं यंत्र शिकागोच्या गॉटलीब कंपनीचं, 1970 च्या दशकातलं, एका खेळाडूचं. बॅली किंवा विल्यम्सचं असलं तरी पद्धत तीच राहते, कॉइलचं (वीज मिळाली की प्लंजर नावाचा लोखंडी दांडा खेचणाऱ्या तारेच्या गुंडाळीचं) व्होल्टेज आणि भागांची नावं तेवढी बदलतात.

अशी यंत्रं सहसा जळलेली नसतात, आखडलेली असतात. कारखान्यात लावलेलं ग्रीस वाळून घट्ट झालेलं, कॉन्टॅक्टवर काजळी, प्लगच्या पितळी पिना काळवंडलेल्या. म्हणून कामाचा मोठा भाग साफसफाईचाच असतो. खरं नुकसान बहुतेकदा नंतर होतं, कोणीतरी पक्कड घेऊन चांगल्या पात्या वाकवायला बसतो तेव्हा. यंत्र एकेकाळी सगळ्या स्विचांसकट चालत होतं, हे धरून चालायचं आणि बिघाड दिसल्याशिवाय काहीही वाकवायचं नाही.

नवीन आणलेलं यंत्र लगेच प्लगला लावू नका. जुनी वायर दोन तारांची असते, अर्थिंग नसतं आणि रबर तडकलेलं असतं. मी आधी तीन तारांची नवी वायर टाकतो. हिरवी तार ट्रान्सफॉर्मरच्या सांगाड्याला, तिथून नाण्याच्या दाराला, काचेच्या बाजूच्या धातूच्या पट्ट्यांना आणि काच अडकवून धरणाऱ्या पुढच्या आडव्या पट्टीला, म्हणजे लॉकबारला. खेळाडूचा हात लागतो तो प्रत्येक धातू अर्थला जोडलेला हवा. मुख्य फ्यूज आणि स्विच लाइव्ह तारेवरच हवेत. अमेरिकन यंत्र 115 ते 120 व्होल्ट, 60 हर्ट्झचं असतं. 220–240 व्होल्ट, 50 हर्ट्झच्या पुरवठ्यावर किमान 500 व्हीए चा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही, त्यामुळे गुणांची मोटर साधारण सहाव्या हिश्शाने मंद फिरते आणि आतला ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त तापतो. खेळावर फारसा परिणाम होत नाही. फक्त तासन्‌तास चालू ठेवू नका.

मग फ्यूज. प्रत्येक फ्यूज काढून त्याचा अंक सर्किटच्या आराखड्याशी ताडून बघा. दहाच्या जागी तीस अँपियरचा फ्यूज किंवा नुसता चंदेरी कागद (फॉइल) गुंडाळलेला दिसणं नेहमीचंच. तसं दिसलं तर त्या सर्किटमध्ये काहीतरी शॉर्ट होतं, एवढं निदान फुकटात मिळालं असं समजा. सर्किटचा आराखडा हाताशी नसेल तर काम सुरूच करू नये, हे माझं ठाम मत. त्यावर एक टीप असते: यंत्र कोणत्या अवस्थेत आहे असं धरून स्विच उघडे-बंद दाखवलेत ते. ती न वाचता आराखडा धरला की चांगला स्विच बिघडलेला वाटतो.

आत हात घालण्याआधी प्लग भिंतीतून काढायचाच; अपवाद फक्त पुढे दिलेल्या, कमी व्होल्टेजच्या बाजूला करायच्या चालू यंत्राच्या तपासण्यांचा. खालच्या स्विचने यंत्र बंद दिसलं तरी आतला काही भाग मेनवर जिवंत राहू शकतो. कॉइलचं 25 ते 30 व्होल्ट एसी फारसं धोक्याचं नाही, ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी, म्हणजे मेनच्या बाजूचं मात्र आहे.

वीज देण्याआधी हाताने फिरणारं सगळं हाताने फिरवून बघतो. प्रत्येक प्लंजर दाबला की स्प्रिंगने परत यायला हवा. अडकला तर तो ज्यातून सरकतो ती कॉइलमधली नळी, म्हणजे बाही, बदलायची. जुन्या यंत्रात कधी धातूची, कधी नायलॉनची बाही असते. नवी नायलॉनचीच घ्या. आत तेलाचा थेंबही नको. तेल धूळ धरतं आणि काही महिन्यांत त्याची लापशी होते. डब्ल्यूडी-40 तर कुठेच नको: ते पेट घेतं आणि इथे दर सेकंदाला ठिणग्या पडतात. प्लंजरचं टोक आपटून आपटून छत्रीसारखं पसरलं असेल तर ते कानशीने घासा किंवा प्लंजर आणि तो ज्यावर आपटतो तो कॉइल-स्टॉप दोन्ही बदला. एकच बदलला तर दुसरा त्याला पुन्हा खराब करतो.

सगळ्यात जास्त वेळ स्टेपर युनिटं खातात. एका बेकलाइटच्या चकतीवर रिव्हेटसारखे कॉन्टॅक्ट असतात आणि त्यांच्यावरून पितळी बोटं फिरतात. चेंडूचा क्रमांक, बोनस, क्रेडिट, सगळी याच जातीची. ग्रीस वाळलं की युनिट एक घर पुढे जातं पण शून्यावर परत येत नाही. ते मी पूर्ण सोडवतो. सोडवताना परतीच्या स्प्रिंगला किती वेढे आहेत ते मोजून लिहून ठेवायचं, कारण तो ताण कमी पडला की युनिट अर्ध्यावर थांबतं आणि जास्त झाला की पुढे ढकलणाऱ्या कॉइलला जोर पुरत नाही. बोटांच्या जागेवरही मार्करने खूण करा. दांडा आणि छिद्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ, रिव्हेट 600 नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत, मग पुन्हा अल्कोहोल. शेवटी रिव्हेटांवर टेफ्लॉन ग्रीसचा इतका पातळ हात, की बोट लावलं तर कळावं पण दिसू नये. जोडल्यावर युनिट शेवटच्या घरापर्यंत हाताने नेऊन परतीचा खटका दाबायचा. ते एका दमात शून्यावर यायला हवं. बोटं रिव्हेटच्या मध्यावर उभी राहतात का तेही बघा. कडेवर राहिली तर दोन रिव्हेट एकदम जुळतात आणि दोन दिवे एकत्र लागतात.

गुण दाखवणारी अंकांची रिळं याच तत्त्वावर चालतात. अंक छापलेल्या बाजूला मात्र अल्कोहोल लावू नका, शाई फडक्यावर येते. कोरड्या मऊ कापडाने पुसा, फार तर किंचित ओलसर.

आता स्विच. आधी पात्यांच्या गठ्ठ्याचे दोन्ही स्क्रू आवळा, कॉन्टॅक्टच्या जवळचा पहिला. प्लास्टिकचे थर सुकून गठ्ठा सैल होतो आणि सगळ्या फटी बदलतात. निम्मे दोष इथेच जातात. मग लवचिक कॉन्टॅक्ट-कानशीचे दोन-तीन हलके हात आणि शेवटी अल्कोहोलमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी ओढून काढायची. पॉलिश पेपर इथे नको, त्याचे कण कॉन्टॅक्टमध्ये रुततात. फ्लिपरचे टंगस्टनचे कॉन्टॅक्ट कडक असतात, त्यांना नेहमीची बारीक कानस चालते. इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या सोन्याचा मुलामा असलेल्या स्विचला मात्र कानस कधीच लावायची नाही, तिथे नुसत्या कागदाने पुसणं पुरे. उघड्या स्विचची फट साधारण दीड मिलिमीटर. बंद होताना एक पाती दुसरीला टेकून थोडी पुढे ढकलली गेली पाहिजे. त्या घासण्यानेच कॉन्टॅक्ट स्वतःला साफ ठेवतो. वाकवायची वेळ आलीच तर मुळाशी, गठ्ठ्याजवळ वाकवा. मधोमध पीळ दिला की ती पाती पुन्हा सरळ होत नाही.

डोक्याची पेटी आणि खालची पेटी यांना जोडणाऱ्या मोठ्या प्लगच्या पिना न विसरता घासा. एका काळ्या पिनेमुळे दिवसभर रिले तपासत बसण्याची पाळी येते.

फ्लिपरची कॉइल नीट समजून घ्यावी. तिच्यात दोन वाइंडिंग असतात. जाड तारेचं जोर देतं, बारीक तारेचं फ्लिपर वर धरून ठेवतं. फ्लिपर पूर्ण वर पोचला की हालचालीच्या टोकाला बसवलेला स्विच उघडतो आणि बारीक वाइंडिंग मालिकेत येऊन प्रवाह एकदम उतरतो. हा स्विच उघडला नाही तर बटण दाबून ठेवल्यावर कॉइल काही क्षणांत तापते आणि वास येतो. कॉन्टॅक्ट काळा पडून जोडला गेला नाही तर उलट होतं, फ्लिपर सुरुवातीपासूनच मरगळलेला चालतो. कमजोर फ्लिपरसाठी नवी कॉइल मागवण्याआधी हा स्विच, बटणाचा स्विच, दुव्याचं झिजलेलं छिद्र आणि बाही बघा. उघडल्यावर फट साधारण तीन मिलिमीटर ठेवतो. रबर मागवताना फ्लिपर मोजून घ्या: तीन इंची फ्लिपर 1968 पासून आले, त्याआधीचे दोन इंची. बाकीच्या रिंगा आतल्या व्यासाप्रमाणे मिळतात. खांबांभोवती थोडी ताणून बसेल अशी घ्यावी. फार ताणलेली रिंग लवकर तुटते आणि चेंडूही नीट उसळत नाही.

एवढं झाल्यावर पहिल्यांदा वीज. सुरू करायचं बटण दाबलं की गुणांची मोटर फिरते आणि रिळांना ठोके देऊन शून्यावर आणते. गॉटलीबमध्ये मोटरच्या एका आवर्तनात पाच ठोके मिळतात, म्हणून 1 वर थांबलेल्या रिळाला नऊ ठोके, म्हणजे दुसरं आवर्तन लागतं. मोटर थांबतच नसेल तर घाबरू नका, हा या यंत्रांचा सगळ्यात नेहमीचा आजार आहे. एखादं रीळ शून्यावर येतच नसेल तर त्याची कॉइल किंवा ढकलणारी पट्टी बघा. सगळी शून्यावर असूनही मोटर फिरत असेल तर बहुधा एका रिळाचा शून्याचा स्विच उघडत नाही. मोटर चालू असताना एकेका रिळाचा तो स्विच कागदाचा कपटा घालून उघडा. ज्याच्यावर मोटर थांबेल तोच दोषी.

मोटर हलतच नसेल तर उलटा प्रवास. दोन क्रोकोडाइल क्लिप लावलेली तार घ्यायची, आराखड्यात कॉइलपासून मागे मागे जायचं आणि एकेक स्विच ओलांडून जोडून बघायचं. ज्या स्विचला ओलांडल्यावर कॉइल खेचते, तो बंद होत नाहीये. ही युक्ती फक्त कमी व्होल्टेजच्या बाजूला. ओहममीटरनेही तपासता येतं, पण समांतर वाटांमुळे तो फसवतो, म्हणून शंका आली की एक टोक सोडवून मोजा.

दिव्यांना साधारण सहा व्होल्ट एसी मिळतं. 44 नंबरचा बल्ब 0.25 अँपियर घेतो, 47 नंबरचा 0.15. चाळीस बल्ब धरले तर 10 ऐवजी 6 अँपियर, आणि त्या प्रमाणात मागच्या काचेला उष्णताही कमी. म्हणून मी 47 च घालतो. चांगला बल्ब मिणमिणत असेल तर होल्डरचा रिव्हेट गंजून सैल झालेला असतो. तिथे थोडं सोल्डर किंवा नवा होल्डर, दुसरा कायमचा इलाज नाही.

मागच्या काचेचं चित्र काचेच्या आतल्या बाजूला छापलेलं असतं आणि बल्बच्या उष्णतेने रंग सुटतो. त्या बाजूला पाणी, फडकं, चिकटपट्टी काहीच लावायचं नाही. काच आडवी ठेवून रंगाच्या बाजूवर पारदर्शक ॲक्रिलिक स्प्रेचे हलके थर द्यावेत. याने पुढची पडझड थांबते. पडलेला रंग परत येत नाही.

खेळाच्या फळीला पाणी नको, लाकूड फुगून शाई उचलली जाते. आधी नॅफ्थाने जुनं मेण, मग नोव्हस 2 (प्लास्टिकचं पॉलिश) आणि मऊ कापड. अल्कोहोल आणि मेलामाइन स्पंज यांची जोडी काळे डाग झपाट्याने काढते, कारण ती वरचं लॅकरच काढते. म्हणून ती फक्त नंतर नवा पारदर्शक थर देणार असाल तरच. वर आलेले प्लास्टिकचे इन्सर्ट (फळीत बसवलेल्या, खालून दिवा लागणाऱ्या पारदर्शक चकत्या) खालून हलक्या गरम हवेने मऊ करून, मेणकागद आणि सपाट ठोकळा ठेवून सी-क्लॅम्पने दाबतात आणि पूर्ण थंड झाल्यावरच क्लॅम्प सोडतात. झिजलेल्या जागी रंग भरण्याआधी पारदर्शक लेप दिला तर चुकलेला ॲक्रिलिक रंग पुसता येतो. रंग वाळल्यावर गडद होतो, त्यामुळे मिसळलेला ठिपका वाळवूनच जुळवायचा. आणि जुनं पांढरं हे पांढरं नसतं, पिवळट असतं. गाड्यांना मारतात तो दोन घटकांचा क्लिअर कोट सगळ्यात टिकाऊ, पण त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतं; साधा धुळीचा मास्क त्याला पुरत नाही. ते काम मी रंगाऱ्याच्या बूथमध्येच करून घेतो. पेटीच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा कोरडं घासू नका.

शेवटी कार्नोबा मेणाचा पातळ हात, सगळी रबरं नवी आणि चेंडू नवा: 1 1/16 इंच व्यास, साधारण 80 ग्रॅम. खड्डे पडलेला जुना चेंडू फळी खरवडतो. पाय जागेवर बसवल्यावर उतार साधारण साडेतीन अंश. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांचा साडेसहा अंश इथे लावला तर पॉप बंपर (चेंडू लागताच त्याला उडवणारे गोल खांब) आणि फ्लिपर दोन्ही दुबळे वाटतात. टिल्टचा (यंत्र जोरात हलवलं की खेळ संपवणाऱ्या स्विचचा) लंबक अगदी शेवटी जुळवा, उतार पक्का झाल्यावर. दांड्यावर लंबक वर सरकवला की कड्याशी फट कमी होते आणि टिल्ट लवकर पडतो. हलका धक्का दिला तर खेळ चालू राहावा, पेटी जोरात हलवली तर संपावा, इतपत खाली आणून स्क्रू आवळा.