तुम्ही विचारलंत म्हणून: लग्नाचा केक ऐनवेळी मोडला तर काय करता?

क्लासला येणाऱ्या मुली विचारतात, ऑर्डर द्यायला आलेल्या नवरीच्या आया विचारतात, परवा तर हॉलच्या वॉचमनदादांनी पण विचारलं, की ताई, एवढा मोठा केक ऐनवेळी मोडला तर काय करता तुम्ही? दरवेळी घाईघाईत काहीतरी सांगून मोकळी होते, आज नीट लिहिते.

आधी सांगते. म्हणजे केकला हात लावायच्या आधी घरच्यांपैकी एका माणसाला गाठून सांगते की केक मोडलाय. दुरुस्ती त्याच्यानंतर. हे मला कोणी शिकवलं नाही, एका चुकीतून शिकले आणि ती चूक आठवली की अजून पोटात कालवतं.

सुरुवातीची वर्षं होती. फेब्रुवारीतलं रिसेप्शन, नवरीच्या वडिलांची निफाडकडे द्राक्षबाग, त्यामुळे केकमध्ये आमचीच द्राक्षं हवीत हा त्यांचा आग्रह आणि मला पण ते फार आवडलं होतं. मी द्राक्षं अर्धी कापून थरांमध्ये भरली. आता कापलेलं फळ पाणी सोडतं, क्रीमला पाणी लागलं की थर घसरायला लागतात, हे कळायला पाहिजे होतं. हॉलवर पोचले तर वरचा थर बोटभर कललेला. मी घाबरले, कोणालाच काही बोलले नाही, सात-आठ टूथपिक आतून खुपसल्या, वर फुलं लावली, केक सरळ दिसला. कापला, टाळ्या वाजल्या, फोटो झाले. आणि मग वाढपाच्या टेबलामागून मी बघतेय तर एक चार-पाच वर्षांचा मुलगा घास तोंडात घेऊन थांबला, त्याच्या आईने बोट घालून टूथपिकचा तुकडा बाहेर काढला आणि तो तुकडा ती कितीतरी वेळ बघत राहिली. पोराला काही झालं नाही. पण मी सांगितलं असतं तर वाढणाऱ्याने बघून कापलं असतं, एवढी साधी गोष्ट होती ती.

त्या दिवसापासून माझ्या किचनमध्ये टूथपिक नाही. थरांना आधार म्हणून जाड लाकडी दांड्या घालते, मोजून, आणि केक ताब्यात देताना सांगते की आत पाच आहेत, पाच मोजून बाहेर काढा मगच प्लेटा भरा.

केक मोडतो तो बहुतेक वेळा पाणी, ऊन नाहीतर रस्ता यांच्यामुळे. पाण्याचं सांगितलं. उन्हाचं म्हणाल तर बटर ३२ ते ३५ डिग्रीला वितळतं आणि आपल्याकडे नाशिकला मे महिन्यात पारा ३८-४० ला जातो, त्यात लॉन्सवरचं रिसेप्शन, मग बटरक्रीमचा केक तासभर तरी कसा उभा राहील? म्हणून मे मध्ये मी बटरक्रीमला सरळ नाही म्हणते. डार्क चॉकलेटचं गनाश करते, एरवी दोन भाग चॉकलेटला एक भाग क्रीम, उन्हाळ्यात अडीच भाग चॉकलेट. फॉन्डंटचा, म्हणजे वर साखरेची लाटलेली पोळी चढवलेला केक फ्रीजमधून काढला की त्याला घाम येतो, तो पुसायचा नाही, पुसला की डाग पडतो, नुसतं पंख्याखाली ठेवून द्यायचं. आणि खरं सांगू, शरणपूरकडच्या ख्रिश्चन कुटुंबांच्या लग्नाचा फ्रूटकेक करायचा असला की मी निवांत असते, रममध्ये भिजवलेले मनुके, घट्ट केक, वर कडक रॉयल आयसिंग, तो हलतच नाही.

रस्त्याचं मात्र सांगता येत नाही. दोन वर्षांपूर्वी मे मध्येच त्र्यंबक रोडच्या एका लॉन्सवर आठ किलोचा तीन थरी केक न्यायचा होता. एरवी मी थर सुटे नेते आणि तिथे रचते, पण स्टेजजवळ वेळ मिळणार नाही म्हणाले म्हणून घरीच रचून निघाले. गाडीत सीटवर नाही ठेवत कधी, सीट उतरती असते, मागे डिकीत सपाट जागी रबरी जाळीची मॅट टाकून ठेवते. सगळं केलं होतं, पण रिक्षा आडवी आली, ब्रेक लागला, वरचा थर मधल्यावर घसरला आणि मधल्याचा अर्धा भाग बसला.

लॉन्सवर उतरले आणि आधी नवरीच्या मावशींना शोधलं. नवरीला नाही सांगायचं आणि तिच्या आईलाही नाही, त्या दोघींच्या डोक्यावर त्या दिवशी खूप असतं. मावशी, मामी, मोठी चुलत बहीण, ज्यांच्या हातात किल्ल्या आणि पाकिटं असतात त्यांना सांगायचं. म्हटलं, "मावशी, केक मोडलाय, मधला थर गेला. अर्धा तास द्या, दोन थरांचा उभा करते." त्या क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "तुला काय लागेल ते सांग, फोटोवाल्याला मी थांबवते." बास, त्या अर्ध्या तासात मला कोणी हटकलं नाही.

मधला थर काढला, चांगला भाग प्लेटांसाठी आत पाठवला. बर्फाच्या डब्यात अर्धा किलो जादा क्रीम कायम बरोबर असतं, त्याने वरचा थर लिंपून घेतला, नव्या दांड्या कापल्या, खालच्यावर बसवला. दहा इंचावर सहा इंच, त्यामुळे कडेला मोठी रिकामी जागा दिसत होती. नाशिकचं जुनं नाव गुलशनाबाद, गुलाबाला तोटा नाही, स्टेजवर ढीग होता, पण डेकोरेशनची फुलं फवारलेली असतात, ती केकला टेकवायची नाहीत. देठांना फॉइल गुंडाळलं, खाली बटर पेपर ठेवला, मग लावली.

दुसऱ्या दिवशी मधल्या थराचे आणि डिलिव्हरीचे पैसे परत द्यायला गेले. मावशी नको नको म्हणत होत्या. नवरीच्या वडिलांनी मोजून घेतले आणि म्हणाले, बसा, चहा घेऊन जा.