गालेची काच घ्यायचीय? आधी नान्सी, मग बाजार

पॅरिसच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात फ्रेंच काचकलाकार एमिल गालेची काचेची फुलदाणी शोधायची असेल, तर आधी पॅरिसबाहेर पडा. गार द लेस्त स्थानकावरून टीजीव्ही ही वेगवान रेल्वे सुमारे दीड तासात ईशान्य फ्रान्समधल्या नान्सी शहराला पोहोचते. गाले इथलाच, जन्म 1846 चा, मृत्यू 1904 चा. आम्ही नान्सी आधी ठेवलं आणि नंतर पॅरिसला लागून असलेल्या सँतुआँच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात त्याचा फार उपयोग झाला.

एकोल द नान्सी (गाले आणि त्याच्या साथीदारांचा कलाकारगट) संग्रहालय स्थानकापासून चालत जाण्याजोगं आहे. ते सोमवारी-मंगळवारी बंद असतं, त्यामुळे बेत बुधवार ते रविवारचा आखा. ‘ले कोप्रँ’ हा अळंबीच्या आकाराचा भलामोठा दिवा सगळे पाहतात, तुम्हीही पाहा. पण जास्त वेळ द्या तो लहान फुलदाण्यांना, कारण बाजारात दिसणार त्याच. रंगीत काचेचे थर एकावर एक चढवायचे, नक्षी ठेवायची तिथे लेप लावायचा आणि उरलेली काच आम्लाने खायची, अशी ही पद्धत. चांगल्या नगात आम्लाचे अनेक हात दिलेले असतात. म्हणून एकाच पाकळीत गडद, मध्यम, फिकट अशा छटा उतरतात आणि कडा पार्श्वभूमीत विरघळत जातात. हे एकदा डोळ्यात बसलं की नकलेतली नक्षी चिकटवल्यासारखी दिसू लागते: सगळीकडे एकाच उंचीची, कडेला सरळ पायरी.

स्तानिस्लास चौकातल्या ललित कला संग्रहालयाच्या तळघरात, जुन्या तटबंदीच्या अवशेषांमध्ये, नान्सीतल्याच डोम या काच कारखान्याची काच मांडली आहे. पाय दुखत असले तरी हे चुकवू नका.

आता बाजार. सँतुआँला शनिवार, रविवार किंवा सोमवारी जा. दहापट भिंग आणि छोटी विजेरी खिशात असू द्या.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती रुमानियात बनलेल्या नव्या मालाने. कारखान्यातून निघताना या मालावर ‘गाले’ या सहीशेजारी ‘टिप’ असं कोरलेलं असतं, म्हणजे ‘गाले पद्धतीचा’. तिथवर कारखान्याचा व्यवहार सरळ आहे. लबाडी पुढच्या हातात होते: ‘टिप’ घासून टाकायचं आणि वस्तू शंभर वर्षांची म्हणून विकायची. एका दुकानात विजेरी काचेवर तिरपी धरली, तर सहीच्या बाजूला अंगठ्याएवढा भाग उरलेल्या पृष्ठभागापेक्षा गुळगुळीत आणि किंचित खोलगट दिसला. आम्ही ‘मेर्सी’ (धन्यवाद) म्हणून पुढे सरकलो.

सही सगळ्यात शेवटी पाहावी, असं माझं ठाम मत आहे. आधी बूड बघा. खऱ्या जुन्या नगाच्या टेकण्याच्या कडेवर वेगवेगळ्या दिशांचे बारीक ओरखडे असतात. एकाच दिशेचे, सारखे, ताजे ओरखडे म्हणजे पॉलिश कागदाची करामत. मग वरचा काठ, मग नक्षी, आणि त्यानंतर सही.

सहीजवळ लहानसा तारा दिसला तर दचकू नका. गालेच्या मृत्यूनंतरच्या काही वर्षांच्या मालावर तो तारा असतो. नग कारखान्याचाच, पण गालेच्या हयातीतला नव्हे. कारखाना 1936 मध्ये बंद झाला. गालेच्या हयातीतही बराचसा माल दुकानांसाठी आम्लावरच घाऊक काढला जाई. तेव्हा अस्सल म्हणजे दुर्मीळ, असा हिशेब करून पैसे मोजू नका.

किंमत पटली तर तपशीलवार पावती मागा. फ्रान्समध्ये 3 मार्च 1981 च्या अध्यादेशानुसार ग्राहकाने मागितल्यास व्यापाऱ्याला ती द्यावीच लागते, त्यात वस्तूचं स्वरूप आणि काळ लिहावा लागतो. ‘स्तील’ (शैली), ‘झांर’ (प्रकार), ‘दां ल गू द’ (च्या धाटणीचं) असे शब्द दिसले, तर त्याचा अर्थ कर्त्याची कसलीही हमी नाही. तोंडाने ‘गाले, गाले’ म्हणणारा विक्रेता कागदावर काय लिहितो ते वाचा आणि मगच कार्ड बाहेर काढा. नग घेतलाच तर तो विमानात हातातल्या बॅगेतच ठेवा.