चित्रप्रदर्शनासाठी ऑफिसची एनओसी काढली त्याचा अनुभव (नागपूर)

मी नागपुरात एका संस्थेत इंटिरियर डिझाइन शिकवते आणि उरलेल्या वेळात वॉटरकलर करते. यंदा पहिलं सोलो प्रदर्शन केलं. हॉल मिळाला, फ्रेमा झाल्या, चित्रं लागली, काही विकलीही गेली, त्यात लिहिण्यासारखं फार काही नाही. लिहायचंय ते आमच्या ऑफिसातल्या एनओसीबद्दल, राग अजून उतरला नाहीये म्हणून.

नोकरीत राहून चित्रं विकायची तर परवानगी हातात असलेली बरी. साधा अर्ज दिला, विषय 'जलरंग चित्रांचे प्रदर्शन व विक्री'. बाबूंनी विषय वाचला आणि म्हणाले, "मॅडम, विक्री म्हणजे धंदा झाला ना, धंद्याला परवानगी कुठे आहे?" मी म्हटलं, भाऊ, चित्रं आहेत माझी, दुकान नाही टाकून राहिले. मग त्यांनीच तोड काढली की तुम्ही इंटिरियरच्या, म्हणजे हे प्रायव्हेट कन्सल्टन्सीत बसते, तो फॉर्म भरा. त्या फॉर्मात क्लायंटचं नाव, साइटचा पत्ता, कामाची मुदत, फी. आता माझी निम्मी चित्रं महाल भागातल्या जुन्या वाड्यांची, क्लायंट म्हणून काय भोसल्यांचं नाव टाकू? रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म परत, 'लागू नाही' लिहिलं तरी परत, कारण लागू नाही तर फॉर्म का भरला!

त्यानंतर चित्रांची यादी मागितली, साइज आणि किमतीसकट. दिली. तर किमतीला आधार काय? म्हणे कागदाचा भाव, रंगाचा भाव, असं दाखवा. म्हणजे यांच्या लेखी ३०० जीएसएमचा (म्हणजे जाडसर) कोरा कॉटन पेपर आणि त्यावर केलेलं फुटाळा तलावाचं चित्र यात फरक काय तो दोन ब्रश पाण्याचा. वर्गात मुलांना डिझाइन फी वेगळी आणि मटेरियलचा खर्च वेगळा हे मी वर्षानुवर्षं शिकवते, आणि माझ्याच ऑफिसला ते समजावता समजावता घसा सुकला. यादी मग अकाउंटला गेली, तिथून साहेबांकडे, साहेब ट्रेनिंगला, आले तर कळलं की फाइल तिथे पोचलीच नाही. विचारलं की एकच उत्तर, "फिरून राहिली मॅडम, येऊन जाईल." इकडे हॉलवाल्यांना ॲडव्हान्स भरायची तारीख जवळ आलेली. म्हणून सांगते, अर्ज दिला की आपल्या कॉपीवर आवक क्रमांक आणि शिक्का तिथेच उभं राहून घ्या, "नंतर घेऊन जा" म्हटलं तरी हलू नका. माझी फाइल सापडली ती त्या नंबरामुळेच.

शेवटी आमच्याच एका सीनियर सरांनी सांगितलं की महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ बघ. त्यात खाजगी धंद्याला मनाई आहे, पण साहित्य, कला, विज्ञान यातलं अधूनमधून केलेलं काम नोकरीच्या कामाला बाधा येत नसेल तर चालतं असं सरळ लिहिलंय. आमच्या सेवाशर्तीतही हेच नियम धरतात (तुमच्याकडे काय धरतात ते आधी बघून घ्या). त्या पानाची झेरॉक्स काढली, ओळ हायलाइट केली, नवा अर्ज लिहिला, विषयात फक्त 'नैमित्तिक कलाविषयक काम', विक्रीची गोष्ट खाली एका वाक्यात. आणि तोच फॉर्म, तेच बाबू, पण नियमाचं पान बघितल्यावर कोणाला क्लायंटही नको होता आणि आधारही नको होता. दोन ओळींचं पत्र मिळालं, ऑफिसच्या वेळेत काम करायचं नाही या अटीवर. मी त्या दिवशी सीताबर्डीवर जाऊन स्वतःला एक चांगला सेबल ब्रश घेतला, महाग होता, घेतला.

हॉलचं राहिलंच. सिव्हिल लाइन्सकडे प्रदर्शन करायचं असेल तर डिसेंबर टाळा. हिवाळी अधिवेशन असतं, मोर्चे, बंद रस्ते, पार्किंगची बोंब, तुमचे पाहुणे झिरो माइलच्या अलीकडेच अडकतील. जानेवारी-फेब्रुवारी छान. पण मग चित्रं उन्हाळ्यापासून करत यावी लागतात आणि नागपूरचा मे म्हणजे वॉश (पाणी घातलेल्या रंगाचा पातळ थर) पसरवायच्या आत कागद कोरडा. मी पहाटे बसते, कागद दोन्ही बाजूंनी भिजवून बोर्डवर टाकते, आणि कूलर खोलीत चालू पण झोत कागदावर नाही. दमट हवेने वॉश जरा जास्त वेळ ओला राहतो. मास्किंग फ्लुइड (कागदाचा भाग कोरा राखायला लावतात ते रबरासारखं द्रव) मात्र त्या उन्हात लावून ठेवू नका, काढताना कागदाचा पापुद्रा घेऊन येतं.

फ्रेमवाल्याला माउंट (चित्र आणि काच यांच्यामधली पुठ्ठ्याची चौकट) लावायलाच सांगा, चित्र काचेला चिकटलं की पावसाळ्यात बुरशी धरते. आणि उद्घाटन शनिवारी संध्याकाळी ठेवा, ते 'ऑफिसच्या वेळेत नाही' वालं वाक्य माझ्या पत्रात होतं तसं तुमच्याही पत्रात असणारच. मधल्या दिवसांची सीएल मी एनओसीच्या अर्जासोबतच टाकून दिली होती, ती पहिल्या फटक्यात मंजूर झाली, तिला कोणी आधार विचारला नाही.